मार्व्याचं होम, नंबर सतरा

२०२४ च्या संक्रांतीला भाऊ तिळगूळ घेऊन डोंबिवलीला आला आणि जेवताना विषय निघाला. त्याची मुलगी सातवीत. तिला मे महिन्यात दहा दिवसांच्या निवासी शिबिराला पाठवायचं की नाही, यावर त्याच्या घरी आठवडाभर खल चालू होता. मी म्हटलं, "मला नवव्या वर्षी एकवीस दिवस पाठवलं होतं, मार्व्याला. काही बिघडलं का माझं?" हे शेवटचं वाक्य तितकंसं खरं नव्हतं, पण ते पुढे येईलच.

भाऊ म्हणाला, "मार्वे नाही, वर्सोवा." तो तेव्हा चार वर्षांचा होता, तरी पैज लावायला तयार. भाची म्हणाली, "आत्या, त्या जागेचं नाव काय होतं?" मला नाव सांगता येईना. आम्ही सगळ्या त्याला नुसतं 'होम' म्हणायचो. चाळीत विचारलं तर 'हवापालटाला गेलीय' एवढंच उत्तर. आई पलंगावर बसून वाती वळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मालाडाक उतराचा, मगे बस." मी भावाला म्हटलं, "ऐकलंस? मालाड. म्हणजे मार्वेच." पैज जिंकल्याच्या आनंदात आईच्या वाक्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

तेव्हापासून त्या होमचा माग काढायला घेतला. जूनच्या पहिल्या आठवड्यात शोध संपला. प्रवास धरून खर्च हजाराच्या आत. बंद पडलेलं वसतिगृह, आरोग्यधाम, हॉलिडे होम, असलं काही शोधायचं असेल त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

पहिली गोष्ट मी नकळत बरोबर केली. कुणालाही आणखी काही विचारायच्या आधी, आठवतंय ते एका वहीत उतरवून काढलं. हे जरूर करा. चार जणांशी बोललं की त्यांच्या आठवणी आपल्या होऊन बसतात आणि मग आपलं काय आणि ऐकलेलं काय ते निवडता येत नाही. वहीची अकरा पानं भरली. त्यातलं बरंचसं हे असं.

साल १९८२. आम्ही लालबागला, दहा बाय बाराच्या खोलीत. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. आई खाणावळ चालवायची. गावाहून एकटे आलेले अकरा गिरणी कामगार आमच्याकडे पाळीपाळीने जेवायचे. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. सुरुवातीला वाटलं, महिनाभराचं काम आहे. मार्चपर्यंत खाणावळीतले एकेक जण गावाला गेले, एप्रिलमध्ये बाबाही मालवणला शेतीच्या कामाला गेले. अकरा ताटं मांडणीवर उपडी पडून राहिली. गिरणीच्या भोंग्यावर आमची शाळा, दूध, बंबाचं पाणी सगळं ठरलेलं असायचं. तो थांबला आणि सकाळी उठायचं कशावर तेच कळेना.

शाळेत डॉक्टर आले होते. त्यांनी तिसरीतल्या सहा जणींची नावं वेगळी लिहून घेतली. वजन कमी, डोळे फिके. बाईंनी आईला बोलावून सांगितलं की एका ट्रस्टचं समुद्रावर मुलांचं होम आहे, मे महिन्यात एकवीस दिवस फुकट ठेवतात, फॉर्म भरा. फॉर्म आठ आण्यांचा. त्याला जोडायचं काय काय, तर रेशनकार्डाची नक्कल, दवाखान्याचा दाखला, वडिलांची सही आणि वडिलांच्या पगाराचा दाखला.

हा शेवटचा कागद म्हणजे गंमतच होती. गिरणी बंद, पगार नाही, आणि पगार नाही असा दाखला द्यायला गिरणीत कुणी नाही. मी आईच्या करंगळीला धरून फिरले, म्हणून हे सगळं मला आठवतं. आधी गिरणीच्या फाटकावर गेलो, तिथून युनियनच्या माणसाकडे, तिथून पुन्हा शाळेत. शेवटी मुख्याध्यापकांनीच आपल्या हाताने लिहून दिलं, 'सदर मुलीचे वडील संपामुळे सध्या बिनपगारी आहेत.' हे वाक्य आईने मला चार वेळा वाचून दाखवायला लावलं. तिला स्वतःची सही येते, बाकी वाचता येत नाही. बाबांच्या सहीसाठी फॉर्म पाकिटात घालून गावाला पाठवला. तो परत यायला तेरा दिवस लागले. त्या तेरा दिवसांत आई रोज दुपारी पोस्टमनची वाट बघत जिन्यात बसायची.

दवाखान्यात खरूज आहे का ते बघितलं. होती, बोटांच्या बेचक्यात. तीन रात्री अंगाला पांढरं औषध चोपडून झोपायचं. ते असं झोंबतं की मी चाळ डोक्यावर घेतली. डोक्याला रॉकेल. मग दाखला. यादीप्रमाणे सामान: दोन फ्रॉक, दोन चड्ड्या, चादर, टॉवेल, प्लॅस्टिकचा मग, दंतमंजन. प्रत्येक कपड्यावर नंबर घातलेला असला पाहिजे. माझा नंबर सतरा. आईने लाल दोऱ्याने प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला १७ काढला. मगावर काढता येईना, तर मगाच्या कानाला लाल दोराच गुंडाळला. हे सगळं मी तेव्हा वेगळ्याच अर्थाने बघत होते. वाटत होतं, घरात खायला नाही म्हणून मला काढून टाकतायत, आणि ते काम एवढ्या तत्परतेने चाललंय!

३ मे, सोमवार. ट्रस्टची बस परळला यायची, तिथूनच मुलांना घेऊन जायची. सोडायला आईवडिलांनी होमवर यायचं नाही. आईने एक छापील कागद हातात घेतला, घडी करून कमरेला खोचला, आणि मी खिडकीतून बाहेर बघेपर्यंत ती पाठमोरी झाली होती.

होम म्हणजे दोन लांब कौलारू हॉल, एक मुलांचा, एक मुलींचा, मध्ये स्वयंपाकघर. पुढे सुरूची झाडं, मग दगडी भिंत आणि भिंतीपलीकडे समुद्र. आमच्या हॉलमध्ये चोवीस खाटा. पहिल्याच दिवशी आम्हाला धान्याच्या काट्यावर उभं करून वजन घेतलं आणि मोठ्या वहीत लिहिलं. पहिली रात्र कुणीच झोपलं नाही. आधी एक रडायला लागली, मग तिच्या शेजारची, मग तिसरी. मेट्रनबाई कंदील घेऊन आल्या आणि ओरडल्या नाहीत, तेवढं त्यांचं श्रेय.

सकाळी साडेपाचला घंटा. मिठाच्या पाण्याने गुळण्या, वाळूतून चालणं, मग आरेचं दूध. काचेच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणं आम्ही जमवायचो, घासून सपाट केली की ती नाणी. सोमवार-गुरुवार माशाच्या तेलाची गोळी. ती फोडली की आयुष्यभराचा वास, म्हणून गिळायची. मी एकदा फोडली. दुपारी वरणभात, उसळ, एक केळं. भात पुन्हा मागितला तर पुन्हा मिळायचा. हे मला पहिले दोन दिवस खरं वाटेना, म्हणून मी मागितलाच नाही. तिसऱ्या दिवशी मागितला. चौथ्या दिवसापासून तीनदा.

समुद्रावर नेणारे एक म्हातारे गृहस्थ होते, आम्ही त्यांना तांडेलकाका म्हणायचो. आयुष्य होडीवर गेलेलं. पाण्यात न्यायच्या आधी ते विचारायचे, "आज तिथी कोणची?" हॉलमध्ये कालनिर्णय टांगलेलं असायचं, ते बघून यायचं. मग तिथीची पाऊणपट करायची. म्हणजे अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेला किंवा अवसेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा एकपासून. घड्याळी अचूक नाही, पण अंदाजाला पक्कं. पावकी-पाऊणकी मी शाळेत रडत रडत पाठ केली होती, ती कशाला असते हे मला मार्व्याला कळलं. ओहोटीलाच पाण्यात जायचं, गुडघ्याच्या वर नाही, आणि दोन खांबांना बांधलेला दोर सोडायचा नाही. मार्व्याची खाडी दिसते तशी नाही, हे त्यांचं पालुपद. पाणी आत येताना हसत येतं आणि जाताना हात धरून नेतं, म्हणायचे.

पहिल्या शनिवारी पौर्णिमा होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी ९ तारखेला, दुपारी उधाणाचं पाणी भिंतीवर आपटून थेट अंगणात यायला लागलं. आम्ही जेवायला ओसरीवर बसलो होतो. त्या दिवशी वडे होते. शिंतोडे उडून वडे खारट झाले तरी आम्ही खात होतो, किंचाळत होतो, खात होतो. माझ्या एकवीस दिवसांतला सगळ्यात चांगला दिवस तो. संध्याकाळी दुधाबरोबर ग्लुकोज बिस्किटं मिळाली, एरवी ती कधी नसायची. पण प्रत्येकीला अर्धंच. मेट्रनबाई मोडून देत होत्या आणि अठरा नंबरला मोठा तुकडा गेला. चाळीस वर्षं झाली, मला तो तुकडा दिसतो.

मग फळ्यावरचं पत्र. प्रत्येकीला पंधरा पैशांचं एक पोस्टकार्ड, मजकूर फळ्यावर लिहिलेला: 'मी खुशाल आहे. जेवण चांगले आहे. समुद्र मोठा आहे.' आमच्या चाळीतल्या दोघी होतो. दोन्ही घरी शब्दाला शब्द तेच कार्ड गेलं.

आणि १६ तारखेचा रविवार. भेटीचा दिवस, दुपारी तीन ते पाच. मुलींच्या आया आल्या, कुणाची आजी, कुणाचा मामा. चिवडा, बोरकूट, नव्या रिबिनी. चाळीतल्या त्या दुसरीची आईसुद्धा आली. मी सुरूच्या झाडाखाली फाटकाकडे तोंड करून बसले. भांगाचे दिवस होते, पाणी ना धड आत, ना धड बाहेर. पाच वाजता घंटा झाली. माझ्याकडे कुणी आलं नव्हतं. त्या दुसरीच्या आईने मला चिमूटभर चिवडा दिला, तो मी घेतला नाही.

२३ तारखेला परत वजन, परत बस. परळला आई उभी होती. तिने माझे दंड दाबून बघितले आणि म्हणाली, "भरलंस." मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. का, ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नंतर तिच्याशी भांडताना कित्येकदा हे ओठावर यायचं. एकदा लग्नाच्या याद्या करताना तर आलंच होतं. पण बोलले नाही.

वहीत एवढं झाल्यावर ४ फेब्रुवारीला, रविवारी, मार्व्याला गेले. मालाड पश्चिमेला उतरून २७२ नंबरची बस. मनोरीला जाणारी फेरीबोट अजून चालते. एस्सेलवर्ल्ड १९८९ साली निघालं आणि लोकांच्या तोंडी मार्वे म्हणजे तिकडच्या बोटी, असं होऊन बसलं. आमच्या वेळी इथे उतरणारी माणसं म्हणजे मासळीवाल्या आणि आम्ही. कौलारू हॉल कुठे दिसेनात. दीड तास भटकले. वॉचमन लोकांना विचारण्यात अर्थ नाही, ते सगळे गेल्या पाच-सात वर्षांत आलेले. सुकी मासळी विकणाऱ्या वयस्क मावशींना विचारा. मी अर्धा किलो सोडे घेतले, मग विचारलं. "पोरांचं होम? त्याला लय वर्षं झाली." त्यांनी एक बंद फाटक दाखवलं. आत आता वेगळीच इमारत आहे. पण फाटकाचा जुना दगडी खांब तसाच होता आणि त्यात बसवलेली संगमरवरी पाटी चुन्याने रंगवून टाकली होती तरी अक्षरं खोदीव असल्यामुळे बोटाने वाचता येत होती. ट्रस्टचं नाव मिळालं. फोटो काढला. फोटोत काही वाचता येईना, म्हणून मावशींच्या पेन्सिलीने कागदावर घासून छाप घेतला. ही युक्ती लक्षात ठेवा.

तरी मी आधी वाट वाकडी केलीच. वाटलं, शाळेमार्फत गेलो तर शाळेच्या कागदात नावांची यादी असणार. १२ फेब्रुवारीला एका कार्यालयात माहितीच्या अधिकारात अर्ज दिला. जोडपत्र 'अ' मधला अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. माझा पहिला मसुदा चारशे शब्दांचा झाला होता, त्यात संपही होता आणि खरूजही! उत्तराची मुदत तीस दिवसांची. अठ्ठाविसाव्या दिवशी पत्र आलं: जनरल रजिस्टरमध्ये तुमची नोंद आहे, पत्रव्यवहाराची फाइल मुदत संपल्याने नष्ट केली आहे. वीस रुपयांचं तिकीट लावून अपील करता येतं, पण जळालेल्या कागदावर अपील करून काय मिळणार? जनरल रजिस्टर शाळांना कायम ठेवावं लागतं, बाकीचं नाही, एवढं कळलं. हे आधी माहीत असतं तर महिना वाचला असता.

ट्रस्टचं नाव हातात असेल तर सरळ धर्मादाय आयुक्तांकडे जावं. महाराष्ट्रातले सार्वजनिक न्यास १९५० च्या कायद्याखाली नोंदवलेले असतात आणि प्रत्येकाचं एक खातं असतं, त्याला परिशिष्ट एक म्हणतात. त्यात न्यासाचा पत्ता, उद्देश, विश्वस्तांची नावं, स्थावर-जंगम मालमत्ता, सगळं येतं. २६ मार्चला वरळीच्या कार्यालयात गेले. नोंदणी क्रमांक 'ई' अक्षराने सुरू होणारा निघाला. प्रमाणित नकलेसाठी अर्ज केला. तिथल्या एका बाईंनी माझा अर्ज वाचून स्वतःहून सांगितलं की बदल अर्जांच्याही नोंदी मागा, नाहीतर जुना पत्ताच हातात येईल. त्यांचे आभार. जाताना ओळखपत्राच्या दोन प्रती न्या, कोर्ट फी तिकिटं सुटी न्या आणि काउंटरवर विचारल्याशिवाय चिकटवू नका.

१५ एप्रिलला नक्कल मिळाली. मार्व्याची जमीन मालमत्तेच्या रकान्यातून कमी केलेली होती. न्यासाची जमीन विकायची तर कलम ३६ खाली आधी परवानगी घ्यावी लागते, त्या आदेशाचा उल्लेख शेजारी होता. म्हणजे होम कुणी हडप केलं नव्हतं, रीतसर विकलं होतं. मला उगाचच बरं वाटलं. आणि फोर्टातला एक चालू पत्ता मिळाला.

विश्वस्तांना पत्र लिहिलं. इंग्रजीत लिहावं का, असा विचार केला, मग मराठीतच लिहिलं. नाव, वडिलांचं नाव, शाळेचं नाव, तारखा, आणि शेवटी 'माझा नंबर सतरा होता'. स्पीड पोस्टचे ४१ रुपये ३० पैसे. तीन आठवडे काही नाही. फोन नंबर नक्कलेवर नव्हता. दुसरं पत्र. मे गेला. लोकलमध्ये बसल्या बसल्या वाटायचं, पन्नाशी उलटलेली बाई मी, एका रविवारचा हिशेब कुणाला मागत फिरतेय?

४ जूनला फोन आला. एका म्हाताऱ्या कारकुनांचा. "सतरा नंबर ना? या गुरुवारी."

फोर्टातली जुनी इमारत, लाकडी जिना, तिसरा मजला. आतल्या खोलीत लोखंडी कपाट. वजनाची रजिस्टरं त्यांनी जपून ठेवली होती, कारण देणगीदारांना दाखवायला तीच उपयोगी पडायची. इतकी मुलं आली, इतके किलो वाढली. एकेका वर्षाची एकेक वही, कापडी बांधणीची. बघायच्या आधी त्यांनी एक अट घातली: फोटो काढायचा नाही, कारण त्या पानावर इतर मुलींची नावं, त्यांचे आजार, घरची परिस्थिती लिहिलेली आहे. तुमची ओळ तुम्ही हाताने उतरवून घ्या. मला ते पटलं. अठरा नंबरचं नाव मात्र डोळ्यांत शिरलंच. ते मी इथे लिहिणार नाही, आणि तुकड्याबद्दल माझं आता काही म्हणणं नाही.

माझी ओळ अशी. येताना वजन १८.३००. जाताना १९.६००. घरात तीन किलो वाढल्याची दंतकथा आहे, ती तेराशे ग्रॅमवर आली. 'त्वचा - बरी'. 'भूक - उत्तम'. आणि शेवटी, भेटीच्या रकान्यात, निळ्या शाईत: '९ मे. आई आली. भेटीचा दिवस १६ आहे हे सांगून परत पाठविले. १ पुडा जमा.'

मी ती ओळ उतरवून घेतली. मग म्हटलं, पुन्हा एकदा बघू? कारकून म्हणाले, "बघा की." १६ तारखेला माझ्या नावापुढे काही नव्हतं.

खाली उतरून फूटपाथवर उसाचा रस प्यायले आणि तेव्हा संक्रांतीचं वाक्य आठवलं. मालाडाक उतराचा, मगे बस. आम्हाला तर परळहून बसने नेलं होतं. मालाडला उतरून बस पकडायची, हे आईला कुठून ठाऊक?

त्याच संध्याकाळी घरी आल्यावर तिच्याजवळ बसले. ती आता एक्याऐंशी वर्षांची आहे. कालचं विसरते, तेव्हाचं नाही. विचारलं, "आई, तू मार्व्याला आली होतीस?"

"इललंय मां," ती म्हणाली, जसं काही मी परवाचंच विचारत होते. छापील कागद तिने कुणाकडून तरी वाचून घेतला होता, त्याने रविवार एवढंच सांगितलं, तारीख सांगितली नाही. दादरपर्यंत चालत, मग गाडी, मग बस, मग फाटक. फाटकावर नाही म्हणाले. "मगे त्या झाडापाठसून बगलंय तुका. वडे खाय होतंस. हसत होतंस."

"मग हाक का नाही मारलीस?"

"जेवतल्या पोराक हाक कित्याक मारूची?"

पुढच्या रविवारी यायला गाडीभाडं उरलं नव्हतं, हे तिने सांगितलं नाही. मी हिशेब केला.

"मला वाटलं, तू आलीच नाहीस," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. "असा कसा? पुडो ठेवन इललंय. पुडो बगून तुका कळतला, आवस येवन गेली." मग जरा थांबून, "गावलो मां तुका पुडो?"

"गावलो," मी म्हटलं. "अर्धां बिस्कीट."

"अर्धां?" आई वाती बाजूला ठेवून उठून बसली. "मगे बाकीची कोणी खाल्ल्यानी?"